फेझंटच्या शिकारीला घरचे आणि कुत्रा घेऊन निघालात? मग या चुका टाळा

सप्टेंबर लागला की आमच्या ट्विन सिटीजच्या (मिनियापोलिस-सेंट पॉलच्या) मराठी मंडळींपैकी कोणीतरी विचारतंच, साउथ डकोटाला फेझंटच्या, म्हणजे रानकोंबड्यासारख्या पक्ष्याच्या, शिकारीला जायचंय, मुलांनाही न्यायचंय, नवीन लॅब (लॅब्रॅडोर) घेतलाय, काय काय घेऊ? आणि खरेदीची यादी बघितली तर सगळं असतं, ऑरेंज व्हेस्ट, जीपीएस कॉलर, महागातली शॉटगन, मोठ्ठा कूलर, फक्त कुत्र्याची तयारी कुठेच नसते. भारतात 1972 चा वन्यजीव कायदा आल्यावर शिकार हळूहळू बंदच झाली, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांना आजोबांनी नाहीतर काकांनी शेतात नेऊन हे शिकवलेलं नाही. त्यात कमीपणा काही नाही, पण मग शिकायला वेळ द्यावा लागतो आणि नेमका तोच कोणाला द्यायचा नसतो. आमच्या घरी नवरा आणि मुलगा बंदूक चालवतात, कुत्री मी सांभाळते, म्हणून हे सगळं कुत्र्याच्या बाजूने लिहितेय.

पिल्लाला पहिला बार ओपनिंग डेला, म्हणजे सीझनच्या पहिल्या दिवशी, ऐकवणं

ही चूक मी इतक्यांना करताना बघितलीय की आता बघवत नाही. आमच्या ओळखीतले एकजण नऊ-दहा महिन्यांचा लॅब घेऊन साउथ डकोटातल्या मिचेल गावाजवळच्या एका शेतावर आले होते. गुणी पिल्लू होतं, घरी बॉल आणायचं, हाक मारली की यायचं, त्यामुळे त्यांना वाटलं झालं ट्रेनिंग. साउथ डकोटात सीझन ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी सुरू होतो आणि सकाळी दहाच्या आत बार काढता येत नाही, म्हणजे दहा वाजेपर्यंत सगळे घड्याळाकडे बघत शेताच्या कडेला उभे, आणि दहा वाजले की सगळ्यांच्या अंगात येतं. ज्वारीच्या पट्ट्यात ओळ करून चालायला लागलो, शेताच्या टोकाला दोघं ब्लॉकर म्हणून, म्हणजे पक्षी पळून जाऊ नयेत म्हणून वाट अडवून, उभे होते, आणि पन्नास पावलंही झाली नसतील तोवर पिल्लाच्या नाकासमोरून एक नर फेझंट कर्कश ओरडत उडाला आणि चार-पाच बंदुका एकदम वाजल्या, त्यातली एक तर पिल्लाच्या जवळजवळ डोक्यावरच.

पिल्लू तिथल्या तिथे खाली बसलं, शेपूट पोटात, आणि मग जे पळालं ते थेट ट्रकखाली. मी त्यांना म्हटलं, "दादा, आता राहू द्या त्याला गाडीत, आज नको." तर म्हणाले, "वहिनी, लॅब आहे तो, रक्तातच असतं त्याच्या, होईल सवय." कॉलरला धरून ओढून परत ओळीत आणलं. दुसरा पक्षी उडाला, परत बार झाले, आणि त्यानंतर ते पिल्लू कोणाच्याच हाताला येईना. पुढे पुढे तर बंदुकीची केस बाहेर काढली तरी ते क्रेटच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन बसायचं आणि घरी कुकरची शिट्टी झाली की कॉटखाली. त्यांनी नंतर ट्रेनरकडे भरपूर पैसे घातले, पण ते कुत्रं शिकारीत पुन्हा कधीच मोकळं झालं नाही. त्या पिल्लाचा काही दोष नव्हता.

बंदुकीची भीती जन्मजात फार कमी कुत्र्यांना असते, ती बहुतेक वेळा माणसाने घाईत लावलेली असते आणि लावायला एक मिनिट पुरतं, काढायला वर्ष जातं. रक्तात नाक असतं, पक्ष्याची ओढ असते, डोक्यावर फुटलेल्या बाराची सवय कोणाच्याच रक्तात नसते.

मी काय करते सांगते. आधी पक्षी, मग आवाज, हा क्रम मी कधीच बदलत नाही. पंख, मग कबुतर, मग उडणारं कबुतर, पिल्लू पक्ष्याच्या मागे वेडं व्हायला हवं. ते पूर्ण धावत पक्ष्याच्या मागे असताना नवरा शंभर यार्डावरून ब्लँक पिस्तूल वाजवतो, एकदाच, आणि मी पिल्लाचे कान आणि शेपूट बघत असते. त्याने वळूनही बघितलं नाही तर पुढच्या वेळी थोडं जवळ. दचकलं तर परत मागे, आणि त्या दिवशी तिथेच संपवायचं. असं करत करत उन्हाळाभरात ट्वेंटी गेज (बारीक नळीची शॉटगन) जवळून वाजवेपर्यंत यायचं. आणि पहिल्या खऱ्या शिकारीला एकच बंदूक, ओळ नाही, ओपनिंग वीकेंड तर मुळीच नाही. काही लोक फोर्थ ऑफ जुलैला नाहीतर दिवाळीच्या फटाक्यांना पिल्लाला मुद्दाम अंगणात बांधून ठेवतात, म्हणे सवय होते. सवय होत नाही, भीती बसते. पिल्लू धड आहे का बघायला म्हणून कानाजवळ बार काढणाऱ्या माणसाला कुत्रा पाळायला देऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑक्टोबर म्हणजे थंडी असं धरून चालणं

ही दुसरी, आणि ही जीव घेते. ओपनिंगच्या आठवड्यात डकोटात ऐंशी फॅरनहाइटसुद्धा होऊ शकतं. 2003 च्या ओपनिंग वीकेंडला तिथे असाच उकाडा होता आणि अनेक शिकारी कुत्री उष्म्याने मेली, जुने लोक अजून ती आठवण काढतात. आपण उभे चालतो, आपल्या तोंडावर वारा लागतो. कुत्रा छातीएवढ्या ब्लूस्टेम आणि स्विचग्रासच्या गवतात खाली असतो, तिथे वारा नाही, आणि त्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना, बाकी सगळी उष्णता धापा टाकूनच बाहेर जाते. त्यात तोंडात फेझंट धरून येत असेल तर धापाही नीट टाकता येत नाहीत. आणि चांगला कुत्रा थांबत नाही हो, तो पडेपर्यंत पळतो, त्यामुळे थांबायचं आपणच.

माझा नियम असा, साठच्या वर पारा गेला की पंधरा-वीस मिनिटं काम आणि मग सावलीत बसणं, सत्तरच्या वर गेलं की दुपारी कुत्रा गाडीबाहेर काढायचाच नाही, संध्याकाळी सूर्य उतरल्यावर तासभर जायचं, तसंही पक्षी तेव्हाच शेतातून गवतात परततात. पाणी प्रत्येक वळणावर, थोडं थोडं. शिकारीआधी सकाळी पोटभर खायला घालायचं नाही, पोट फुगून पिळा पडायचा धोका असतो, जेवण आदल्या रात्री. जीभ रुंद होऊन टोकाला वळली, लाळ चिकट झाली, हिरड्या गडद लाल दिसल्या, मागचे पाय लटपटायला लागले किंवा हाक मारल्यावर कळतच नाहीये असं वाटलं की शिकार संपली. तिथल्या तिथे पोटावर, जांघेत, छातीवर पाणी ओतायचं, ओतत राहायचं, वारा घालायचा, गाडीचा एसी फुल, आणि मग व्हेटकडे. ओला टॉवेल अंगावर टाकून ठेवू नका, त्याने उष्णता आत कोंडते. आणि बरा दिसायला लागला तरी व्हेटला दाखवायचंच, आतलं नुकसान नंतर दिसतं.

व्हेटवरून आठवलं, निघायच्या आधी तिथल्या गावातल्या व्हेटचा फोन नंबर आणि शनिवार-रविवारची वेळ लिहून घ्या. शेतात उभं राहून नेटवर्क शोधत बसलेले लोक मी बघितलेत.

कुसळं न काढता क्रेटमध्ये घालणं

दिवस संपला, सगळे दमले, मुलांना भूक लागली, म्हणून कुत्र्याला तसंच क्रेटमध्ये घालून हॉटेल गाठायचं, हे चालणार नाही. गवताची कुसळं एकाच दिशेने सरकतात, पुढेच जातात, मागे येत नाहीत. फॉक्सटेल बार्ली या गवताचं एक कुसळ मी आमच्या कुत्रीच्या, राणीच्या, पुढच्या पंजातून काढलं होतं, दोन बोटांच्या मधल्या कातडीत, बाहेर फक्त तांदळाच्या कणीएवढं टोक दिसत होतं, चिमट्याने धरून ओढलं तर बोटाच्या पेराएवढं बाहेर आलं आणि त्याच्या मागे थेंबभर पू. ते तसंच राहिलं असतं तर वर सरकत गेलं असतं. नाकातून आत गेलेलं कुसळ फुप्फुसापर्यंत पोचतं आणि मग आठवड्यांनी ताप येतो, कशाने तेच कळत नाही.

म्हणून टेलगेटवर बसवायचं, हेडलॅम्प लावायचा आणि क्रमाने बघायचं. डोळे, त्यातली आतली तिसरी पापणी हलकेच खाली करून, सलाइनने धुऊन. कान आतून. ओठांच्या आत. काखा, जांघा, आणि चारही पंजांची प्रत्येक दोन बोटांमधली जागा. हे काम मी मुलाकडे दिलंय आणि त्याने ते केल्याशिवाय त्याच्या ताटात जेवण पडत नाही. बंदूक चालवायची असेल तर कुत्र्याचे पायही बघता आले पाहिजेत.

बाकीच्या, भराभर

बाप ट्वेल्व्ह गेज (जास्त रुंद नळीची) आणि पोरगा ट्वेंटी गेज घेऊन निघतात आणि काडतुसं एकाच पिशवीत. ट्वेंटीचं शेल ट्वेल्व्हच्या नळीत घसरून पुढे जाऊन अडकतं, नळी रिकामी वाटते, मागून ट्वेल्व्हचं घातलं आणि ट्रिगर ओढला की नळी हातात फुटते. ट्वेंटीची शेल पिवळी करतात ती याचसाठी. एका माणसाच्या खिशात एकच गेज, आमच्याकडे यावर चर्चा होत नाही.

पक्ष्याच्या खाली आकाश दिसल्याशिवाय बार नाही. खाली उडणाऱ्या पक्ष्यामागे कुत्रा उडी मारतो, आणि समोर ब्लॉकर असतात. कुंपण ओलांडताना बंदूक रिकामी आणि उघडी.

गाडीची दारं धाडकन लावू नका, हाका मारू नका. फेझंट आधी पळतो, मग उडतो, तुमचा आवाज ऐकला की तो पाणकणसांतून शेताच्या दुसऱ्या टोकाला पोचलेला असतो. वारा तोंडावर घेऊन चाला, नाहीतर कुत्र्याला वास मिळणार कुठून.

मादी मारायची नाही, फक्त नर, माणशी दिवसाला तीन. उन्हाकडे तोंड असताना सगळेच पक्षी काळे दिसतात, पांढरी कंठी दिसली नाही तर सोडून द्या. साफ करताना डोकं, पंख किंवा पाय अंगाला ठेवा, नर आहे हे वाटेत दाखवता आलं पाहिजे. वॉटरफाउल प्रॉडक्शन एरियात, म्हणजे पाणपक्ष्यांसाठी राखलेल्या सरकारी जमिनीवर, शिशाचे छर्रे चालत नाहीत, स्टील घ्या.

एचवनबी व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक आणि काडतूस जवळ बाळगायलाच मनाई आहे, चालू मुदतीचं हंटिंग लायसन्स हा त्यातला एक अपवाद. म्हणजे आधी लायसन्स, मगच मित्राच्या बंदुकीला हात, आणि शंका असेल तर व्हॉट्सॅप ग्रुपला नाही, वकिलाला विचारा.

पडलेला पक्षी सोडून पुढच्याच्या मागे धावू नका. जखमी नर पाय धड असेल तर खूप लांब पळतो. पडला ती जागा नजरेत धरायची, तिथे टोपी ठेवायची, बाकी सगळ्यांनी गप्प उभं राहायचं आणि कुत्र्याला वेळ द्यायचा. राणीला मी दहा-पंधरा मिनिटं देते, कोणी कितीही चुळबुळ केली तरी. मारलेला पक्षी गवतात कुजायला सोडणं मला अजिबात पटत नाही, आणि कुत्रं शिकतं ते याच वेळात.

मुलांना पहिल्या वर्षी बंदूक देऊ नका. ऑरेंज घालून माझ्याबरोबर कुत्र्यामागे चालायचं, पाण्याची बाटली धरायची, पक्षी मरताना बघायचा आणि त्यावर जे वाटेल ते विचारायचं. काही मुलं रडतात, रडू द्या. थकली की परत फिरायचं, लिमिट पूर्ण झालं नाही तरी. हंटर सेफ्टी कोर्स आणि वयाचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे, ते निघायच्या आधी वाचा.

साळिंदराचे काटे चेहऱ्यात घुसले तर कापू नका, कापले तर नुसते तुटून आत राहतात. दोन-चार असतील तर पक्कडने मुळाशी धरून सरळ ओढा, जास्त असतील किंवा तोंडाच्या आत असतील तर व्हेटकडे भूल देऊनच.

आणि स्कंकने (अंगावर घाण वासाचा फवारा सोडणारा प्राणी) फवारलं तर टोमॅटोचा रस वाया घालवू नका. एक क्वार्ट तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, पाव कप बेकिंग सोडा, चमचाभर भांड्यांचा साबण, ताजं कालवून डोळे सांभाळून चोळायचं, पाच मिनिटांनी धुवायचं. कालवलेलं उरलं तर ओतून द्या, बाटलीत भरून झाकण लावून ठेवू नका, गॅस होऊन बाटली फुटते.