बाळाच्या गोधडीवर खुणा आणि मशीनची टीप

गोधडीच्या मागे चुण्या दिसल्या की दोष मशीनला जातो. बहुतेक वेळा त्या थर पसरतानाच पडलेल्या असतात.

सुती कापड आधी धुऊन इस्त्री करा. 90 बाय 110 सेंमी गोधडीसाठी अस्तर आणि मधला थर (आत भरायचा फुगीर मऊ थर) चारही बाजूंनी 8 सेंमी जास्त घ्या, कारण टीप घालताना थर थोडे सरकतातच.

टिपा कुठे घालायच्या त्या खुणा मात्र थर जोडण्याआधीच करा. फुगीर मऊ थरावर पट्टी स्थिर राहत नाही. वरचं कापड दुमडून मध्य काढा, मधली उभी-आडवी रेघ आखा आणि तिथून दोन्ही बाजूंना 7-7 सेंमीवर रेघा मारत जा. काठापासून मोजलं तर कापलेल्या काठाचा वाकडेपणा प्रत्येक रेघेत उतरतो. दोन टिपांमध्ये जास्तीत जास्त किती अंतर चालेल हे मधल्या थराच्या पाकिटावर दिलेलं असतं, ते पाहा.

गडद कापडावर पांढरा खडू उत्तम, पण तो हाताळताना पुसतो. पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनवर इस्त्री फिरवलीत तर रेघ कायमची बसू शकते. इस्त्रीने जाणारी शाई थंडीत परत उमटू शकते. कोणतंही पेन आधी उरलेल्या तुकड्यावर वापरून, धुऊन बघा. नुसत्या सरळ रेघांसाठी मास्किंग टेपची कड पुरते. रात्रभर ठेवू नका, गोंद राहतो.

आता अस्तर उलटं पसरून टेपने टेबलावर चिकटवा. ते सपाट हवं, ताणलेलं नको. ताणलेलं अस्तर टेप काढताच आकसतं, आणि त्याच या चुण्या! त्यावर मधला थर, मग वरचं कापड. मधून बाहेर दर 10 सेंमीवर, रेघा टाळून, सेफ्टी पिन लावा. पिना मोजून ठेवा.

मशीनला वॉकिंग फूट लावा, म्हणजे कापड दाबणारा असा फूट जो वरचा थरही खालच्यासोबत पुढे सरकवतो. साधा फूट वरचा थर ढकलतो, तर दाते खालचा ओढतात. 90/14 मापाची सुई, 3 मिमीचा टाका. आधी तिन्ही थरांच्या उरलेल्या तुकड्यांवर नमुना शिवून बघा. खालचा दोरा वर दिसला तर वरच्या दोऱ्याचा ताण कमी करा. खाली दोऱ्याची जाळी झाली तर आधी फूट उचलून वरचा दोरा पुन्हा ओवा. तो बहुधा ताणाच्या चकत्यांत बसलेला नसतो.

पहिली टीप मधल्या रेघेवर, मग बाहेरच्या दिशेने. बाकीची गोधडी गुंडाळून टेबलावर टेकवा, लोंबकळली की टाके लहान-मोठे होतात. पिन सुईजवळ येताच काढा. दोन टिपांमध्ये कापड तिरकं ओढलं जात असेल तर सगळ्या टिपा एकाच टोकाकडून घाला. काठापर्यंत जाणारी टीप पक्की करावी लागत नाही, किनारपट्टीत दबते. मध्येच सुरू होणारी असेल तर बॉबिनचा दोरा वर ओढून 5-6 बारीक टाके घाला.

किनार लावण्याआधी पिना पुन्हा मोजा. एक जरी कमी भरली तरी शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.