पन्नास हजारांत घरचा स्टिरिओ: पैसे कुठे घालावेत, कुठे राखावेत

दुकानाकडे वळण्याआधी हॉलच्या मधोमध उभे राहा आणि एक सणसणीत टाळी वाजवा. टाळीमागे टर्रर्र अशी बारीक शेपटी ऐकू आली, तर खोली गाण्यात लुडबुड करणार हे नक्की. आपल्याकडच्या बहुतेक फ्लॅटमध्ये ती येतेच. खाली गुळगुळीत लाद्या, उघड्या भिंती, सरकत्या काचा, दुसरं काय होणार? पन्नास हजारांतले पहिले दोन-तीन हजार जाड पडद्यासाठी आणि समोर अंथरायच्या सतरंजीसाठी बाजूला काढा. घरात जुनी गोधडी असेल तर तेही वाचले. पुस्तकांचं भरलेलं कपाट असेल तर ते बसायच्या जागेच्या मागे सरकवा, त्याच्यासारखं काम विकतचं फोमही करत नाही.

आता टेपने खोली मोजा. बारा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ४७ हर्ट्‌झचा सूर घुमतो, दहा फुटांत ५६ हर्ट्‌झचा. म्हणजे लहान खोलीत खर्ज आधीच फुगलेला असतो. तिथे आठ-दहा इंची वूफरचे (खर्ज काढणाऱ्या मोठ्या शंकूचे) उभे स्पीकर आणले की डग्ग्याची घुमक संपायचं नाव घेत नाही, आणि मग आपण दोष देतो स्पीकरला. दहा बाय बाराच्या हॉलला पाच किंवा साडेपाच इंची वूफरचे छोटे स्पीकर पुरतात. नुसते पुरतात असं नाही, तिथे तेच बरे वाजतात. स्वस्त वस्तू जास्त चांगली ठरावी असे प्रसंग या छंदात फार कमी, तेव्हा हा सोडू नका.

स्पीकरवर निम्म्याहून जास्त

पन्नासातले सव्वीस-अठ्ठावीस हजार स्पीकरच्या जोडीवर घाला. एका अँप्लिफायरहून (स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या डब्याहून) दुसरा अँप्लिफायर वेगळा ओळखायला कान टवकारावे लागतात. दोन स्पीकरमधला फरक स्वयंपाकघरात भाजी चिरणाऱ्यालाही कळतो.

डब्यावरच्या आकड्यांपैकी दोनच वाचा. पहिला ओहमचा, म्हणजे स्पीकर विजेला किती अडथळा करतो तो. आठ किंवा सहा असेल तर साधा अँप्लिफायर सुखाने चालवेल, चार असेल तर तो ते ओझं पेलतो का हे आधी विचारा. दुसरा आकडा संवेदनशीलतेचा, म्हणजे एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो तो. ८६ चा स्पीकर आणि ८९ चा स्पीकर यांत फक्त तीनचा फरक दिसतो, पण तीन डेसिबल जास्त आवाज काढायला वॅट दुप्पट लागतात. ८९ वाल्याला वीस वॅटचा अँप्लिफायर जे देईल, ते ८६ वाल्याकडून काढायला चाळीस वॅटचा लागेल. पीएमपीओ वॅट नावाचा आकडा दिसला, की तो डबा आहे तिथेच ठेवा. त्या आकड्याला कसलंही ठरलेलं माप नाही.

एकूण वॅट किती हवेत? ८६ डेसिबलच्या स्पीकरवर घरगुती ऐकण्यात सरासरी एक वॅटसुद्धा जात नाही. तबल्याची थाप, तिहाईची सम अशा उसळ्या पंधरा डेसिबल वर जातात असं धरलं, तर त्या क्षणाला बत्तीस वॅट लागतील. तीस-चाळीस खऱ्या वॅटचा अँप्लिफायर झाला की वॅटचा विषय संपला. १९७८ साली आलेला नॅड कंपनीचा ३०२० हा चॅनलमागे, म्हणजे एकेका स्पीकरमागे, वीस वॅटचा होता, आणि कमी पैशांतला उत्तम अँप्लिफायर म्हणून लोक आजही त्याचं नाव काढतात.

ऐकायला जाताना

आपलं गाणं आपणच न्या. दुकानदार लावतो त्या नमुन्यावर सगळेच स्पीकर झकास वाजतात, तो निवडलेलाच त्यासाठी असतो. मी तीन गोष्टी नेतो: नुसता तानपुरा, मध्य लयीतलं पुरुषाच्या आवाजातलं ख्यालगायन आणि एक लावणी. तानपुऱ्यात जवारी, म्हणजे तारांचा झंकार, मोकळी उलगडते का, की नुसता गुणगुणाट होतो? ख्यालात गाणाऱ्याचा श्वास आणि मागची पेटी वेगवेगळी राहतात का? लावणीत ढोलकीची शाई (बारीक आवाजाची बाजू) आणि धुम (घुमणारी बाजू) यांचा गोळा होतो का? दहा मिनिटांनी कान थकले, आवाज कमी करावासा वाटला, तर तो स्पीकर घरी आणून त्याची सवय होईल या भ्रमात राहू नका.

तुलना करताना एक जुनी मेख आहे. जो थोडा मोठ्याने वाजतो तो चांगला वाटतो, एका डेसिबलनेसुद्धा. फोनवर आवाज मोजायचं ॲप उघडा, ऐकायच्या जागी धरा आणि दोन्ही जोड्या सारख्या आवाजावर आणायला लावा. दुकानदाराच्या कपाळावर आठी चढेल. चढू दे, पैसे तुमचे जाणार आहेत.

अँप्लिफायर सेकंड हँड, पण तपासून

नव्या अँप्लिफायरच्या निम्म्या किमतीत दहा-बारा वर्षं वापरलेला चांगला नग मिळू शकतो, म्हणून इथे बारा-पंधरा हजारांवर जाऊ नका. मात्र अर्धा तास काढा आणि शंभर-दोनशे रुपयांचा मल्टिमीटर खिशात ठेवा. गाणं न लावता आवाजाचं बटण हळूहळू फिरवा. खरखर आली तर घाबरू नका, कॉन्टॅक्ट क्लीनरच्या दोन फवाऱ्यांत ती बहुधा जाते. घासाघिशीला मात्र उत्तम मुद्दा मिळतो. गाणं अगदी हळू लावून दोन्ही बाजू सारख्या वाजतात का बघा. मग स्पीकर काढा, गाणं बंद ठेवा आणि मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून त्याच्या पिना स्पीकरच्या लाल-काळ्या टोकांना लावा. पन्नासच्या आत आकडा दिसला तर ठीक. शेकड्यांत गेला तर नमस्कार करून निघा, तो अँप्लिफायर तुमच्या स्पीकरची कॉइल (आतलं तारेचं वेटोळं) भाजेल.

सेकंड हँड स्पीकर घ्यायचे तर जाळी काढून घ्या, हे मी पैसे घालवून शिकलो. माझी पहिली जोडी एका गल्लीतल्या दुकानातून घेतली. "वापर फार कमी सर, डॉक्टरांच्या घरचे आहेत." कॅबिनेट आरशासारखं चकचकीत, आणि मी जाळीला हातही लावला नाही. घरी आल्यावर वूफरच्या कडेच्या फोमला बोट लावलं तर पापडासारखा मोडून बोटाला चिकटला. दमट हवेत फोम असाच कुजतो, वापर कमी असला तरी. त्यामुळे रबराची कड असलेला वूफरच बघा, आणि तिथेच दीड व्होल्टच्या सेलला वायर लावून एक क्षण स्पीकरच्या टोकांना टेकवा. सेलची धन बाजू लाल टोकाला असेल तर शंकू किंचित बाहेर यायला हवा. काहीच हललं नाही तर कॉइल किंवा आतली जोडणी तुटलेली आहे.

परदेशातून कोणी "इकडचं यंत्र आणू का?" म्हणत असेल तर आधी मागची पट्टी वाचा. अमेरिकेचं यंत्र १२० व्होल्टचं, जपानचं १०० व्होल्टचं. अँप्लिफायरला ट्रान्सफॉर्मर लावून भागतं. माझ्या आतेभावाने न्यू जर्सीहून रेकॉर्ड प्लेअर आणला, ट्रान्सफॉर्मर लावला, तबकडी ठेवली आणि बाई एकदम भारदस्त गाऊ लागल्या. तिकडे विजेची वारंवारिता ६० हर्ट्‌झ, इकडे ५०, आणि मोटर त्या वारंवारितेच्या तालावर फिरणारी. वेग पाच-षष्ठांश झाला, म्हणजे पेटीच्या पट्टीत सांगायचं तर काळी पाचचं गाणं थेट पांढरी पाचवर उतरलं. अशा मोटरवर ट्रान्सफॉर्मरचा इलाज चालत नाही, मोटरवरची कप्पी बदलावी लागते.

वायर आणि बाकीचं

इथे हात आखडता घ्या. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सोन्याचा मुलामा दिलेल्या टोकांची महागडी स्पीकर केबल दाखवतील. तुम्ही इलेक्ट्रिकच्या दुकानातून दीड स्क्वेअर एमएमची लवचिक तांब्याची वायर घ्या. पाच मीटर अंतरासाठी जाऊन-येऊन दहा मीटर वायर लागते, तिचा अडथळा सुमारे ०.१२ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो दीड टक्का झाला, कानाला पत्ता लागत नाही.

गाणं येणार कुठून? फोन किंवा जुना लॅपटॉप, आणि दोन-तीन हजारांचा छोटा यूएसबी डॅक, म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचं अँप्लिफायरला कळेल अशा आवाजात रूपांतर करणारी डबी. बस. सीडीवर आवाज किती बारकाईने टिपायचा याचं माप १९८२ पासून ४४.१ किलोहर्ट्‌झ आणि १६ बिटचं आहे, आणि ते आपल्या कानाला पुरून उरतं. याहून मोठ्या आकड्यांसाठी वेगळे पैसे मोजू नका. घरात सीडींचा गठ्ठा असेल तर तो रद्दीत मात्र घालू नका, कितीतरी जुन्या मैफली फक्त त्यांतच सापडतात.

मांडणी

स्पीकर भिंतीपासून फूटभर तरी पुढे, कोपऱ्यांपासून दूर, दोघांत जेवढं अंतर तेवढंच तुमच्यापर्यंत. ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला बारीक सूर काढणारा छोटा भाग, कानाच्या उंचीवर आणा. सोफ्यावर बसणार असाल तर तीन फुटांच्या थोडं वर, भारतीय बैठक असेल तर अडीच फूटही पुरतात, म्हणजे महागड्या स्टँडऐवजी घरातलं भक्कम स्टूल चालतं.

आता तानपुरा लावा आणि डोळे मिटा. दोन्ही स्पीकर सारखे वाजत असतील तर मधोमध, जिथे काहीच ठेवलेलं नाही तिथे, आवाज उभा राहतो. तो खोलीभर विखुरला आणि खर्ज गायब झाला, तर घाबरून दुकानदाराला फोन करू नका, एका बाजूची वायर उलटी लागली असेल. अँप्लिफायर बंद करा आणि फक्त एकाच स्पीकरच्या लाल-काळ्या वायरींची अदलाबदल करून बघा.