प्रेमकथा लिहून पोट भरायचंय? मग या चुका टाळा

नव्याने लिहायला बसलेल्या बहुतेकांची समजूत अशी, की प्रेमकथा हा सोपा प्रकार. ऐतिहासिक कादंबरीला बखरी चाळाव्या लागतात, रहस्यकथेला डोकं लागतं. प्रेमात काय, दोन माणसं आणि एक पाऊस. पुढच्या बऱ्याच चुका या समजुतीच्या पोटी जन्मतात. खुनाच्या कथेत शेवट वाचकाला माहीत नसतो. प्रेमकथेत पहिल्या दहा पानांत कळलेलं असतं की ही दोघं एकत्र येणार, आणि तरीही त्याला दोनशे पानं धरून ठेवायचं असतं. हे सोपं वाटणाऱ्याने एकदा करून बघावं.

ना. सी. फडक्यांनी १९३१ साली ‘प्रतिभासाधन’ लिहिलं, त्यात कथेच्या तंत्राचा खल आहे. प्रेमकथांसाठी ओळखला जाणारा हा लेखक १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष होता. तेव्हा ‘सध्या टाइमपास म्हणून रोमान्स लिहितोय, सीरियस नंतर लिहीन’ म्हणणाऱ्यांनी टाइमपासच करावा. वाचकाला तो कळतो.

एका फोनने सुटणारा अडसर

ही चूक सगळ्यांत जास्त दिसते. नायिकेला कॉफी शॉपमध्ये नायक दुसऱ्या मुलीला मिठी मारताना दिसतो. ती रडत घरी येते, नंबर ब्लॉक करते, नोकरी सोडते आणि थेट नाशिकला मामाकडे. चौदा प्रकरणं विरह. पंधराव्यात कळतं, ती मुलगी नायकाची चुलत बहीण, कालच अमेरिकेहून आलेली. वाचक पुस्तक मिटतो आणि म्हणतो, अगं बाई, एक फोन करायचा होतास!

तपासायची रीत साधी आहे. दोघांना एका खोलीत दहा मिनिटं बसवा आणि खरं बोलायला लावा. तेवढ्याने प्रश्न सुटला तर तो अडसर नव्हताच, लेखकाचा आळस होता. आईचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, आणि नेणं-आणणं नायिकेवर एकटीवर. नायकाची बदली गडचिरोलीला. आता बसवा दहा मिनिटं. दोघं खरंच बोलतात, एकमेकांचं पटतंही, आणि प्रश्न तिथेच राहतो. बोलणं झाल्यावरही जो उरतो, त्यावर कादंबरी उभी राहते.

याच चुकीची जुळी बहीण म्हणजे झटपट रजिस्टर लग्न. हा प्रसंग इतक्या हस्तलिखितांत येतो की तो साच्यातून काढल्यासारखा वाटतो. दोघं वेगळ्या धर्मांची. पहाटेच्या एसटीने पळतात, दुपारी बाराला पुण्यात विवाह नोंदणी कार्यालयात, दोन मित्र साक्षीला, सही, पेढे, संध्याकाळी महाबळेश्वर. यातली एकही गोष्ट अशी घडत नाही. १९५४च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे आधी नोटीस द्यावी लागते, तीही ज्या जिल्ह्यात दोघांपैकी एकजण निदान तीस दिवस राहतोय तिथल्याच विवाह अधिकाऱ्याकडे. ती नोटीस कार्यालयात लावली जाते. हरकतींसाठी तीस दिवस. कोणी हरकत घेतली तर चौकशी. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस पुन्हा. साक्षीदार तीन, दोन नव्हे. मुलगा २१ पूर्ण, मुलगी १८ पूर्ण.

आता बघा, लेखकाने एका ओळीत काय उडवून लावलं. कार्यालयाच्या फलकावर दोघांची नावं, पत्ते. तिथे कामाला येणारा कुठलाही शेजारी, कुठलाही मेव्हणा तो कागद वाचू शकतो. असे तीस दिवस, आणि त्या काळात रोज घरी जेवायला बसायचं, ताईच्या साखरपुड्याच्या याद्या करायच्या. ही कादंबरी होती, आणि ती महाबळेश्वरच्या घाटात फेकून दिली. दोघं हिंदू असतील तर वेगळी गोष्ट: आळंदीला विधीने लग्न लावून मग नोंदणी करता येते, १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात तीस दिवसांची आगाऊ नोटीस नाही. तिथे अडसर दुसरीकडे शोधावा लागेल.

यावर उपाय म्हणजे कथेचं कॅलेंडर. कालनिर्णयासारखी खरी पानं घ्या, महिना-तारीख ठरवा, त्यावर परीक्षा, बदल्या, सण, नोटिशीचे तीस दिवस, बाळंतपण, सगळं पेन्सिलने मांडा. मी तरी कॅलेंडर नसलेलं हस्तलिखित पुढे वाचत नाही. त्यात हमखास गणपतीनंतर आठ दिवसांनी मृगाचा पाऊस पडतो.

तू, तुम्ही, अहो

मराठीत ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येणं हा पहिल्या चुंबनाइतका मोठा प्रसंग आहे. नवे लेखक तो फुकट घालवतात. पान बाराला ‘सर, तुम्ही बसा’, पान चौदाला ‘तू ना, वेडा आहेस’, पान सोळाला परत ‘तुम्ही जेवलात का?’ हा डब केलेल्या मालिका ऐकून बिघडलेला कान.

वापरता आलं तर हे हुकमाचं पान आहे. वरच्या हुद्द्यावरची मॅडम पहिल्या दिवसापासून त्याला ‘तू’ म्हणते, तो ‘तुम्ही’ म्हणतो. त्याच्या तोंडून पहिला ‘तू’ निसटतो तेव्हा दोघंही गप्प होतात. लग्नानंतर दुसरं वळण: ‘अरे’ म्हणणारी मुलगी सासूसमोर ‘अहो’ म्हणते आणि खोलीत आल्यावर परत ‘अरे’. त्या एका शब्दात अख्खं घर दिसतं. फाइल पूर्ण झाली की ‘तुम्ही’ आणि ‘अहो’ शोधून प्रत्येक जागा तपासा. बदल कुठल्या पानावर, कोणाच्या तोंडून, का, हे वहीत लिहिलेलं हवं.

‘मी तुझ्यावर प्रेम करतो’ हे वाक्यही जरा जपून. आपल्याकडचा माणूस ‘पोचलीस की मेसेज टाक’ म्हणतो, आणि तिला कळतं.

नायिका कोल्हापूरची आणि बोलणं सदाशिव पेठेतलं, असं नको. तिकडच्या कित्येक मुली ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात. बोली झेपत नसेल तर नायिकेला आपल्या गावची करा, लाज नाही त्यात.

एकेका ओळीत उरकण्याजोग्या

पोटात फुलपाखरं उडवू नका. आपल्याकडे धडधडतं, घशाला कोरड पडते, हातातला चहा निवतो.

अब्जाधीश सीईओ दिवसभर नायिकेच्या मागे फिरतो, मग कंपनी कोण चालवतं? सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे करणारा अडत्या नायक म्हणून उत्तम चालतो, शिवाय त्याचे हात आधीच पिवळे असतात.

कोरियन मालिकेचं कथानक नावं बदलून उतरवू नका. वाचकांनी ती मालिका तुमच्या आधी पाहिलेली असते.

शेवटच्या प्रकरणात नायिकेला कॅन्सर देऊ नका. ज्या वाचकाला मीलनाचं वचन दिलं त्याला मयताला बोलावणं ही फसवणूक आहे.

प्रकरणाच्या डोक्यावर कवितेच्या किंवा गाण्याच्या ओळी छापायच्या तर परवानगी लागते. कवी जाऊन ६० वर्षं झाली नसतील तर वारसांची.

पहिला भाग लिहिला की लगेच प्रतिलिपीसारख्या कथांच्या ॲपवर टाकायची घाई करू नका. हातात पंधरा भाग तयार असल्याशिवाय एकही टाकायचा नाही. साधारण हजार-बाराशे शब्दांचा भाग, आठवड्याला ठरलेल्या दिवशी. सहाव्या भागानंतर ‘वैयक्तिक कारणामुळे’ गायब झालेल्या लेखकाकडे वाचक परत येत नाहीत.

शृंगार: किती आणि कोणाचा

दोन्ही टोकांच्या चुका होतात. काहीजण दिवा मालवून प्रकरण संपवतात, काहीजण शरीरशास्त्राचा तास घेतात. त्या प्रसंगानंतर दोघांच्या नात्यात काही बदललं नसेल तर प्रसंग काढा, मग तो कितीही सोज्वळ असो.

कायद्याची बाजू माहीत असलेली बरी. कादंबरीकार चंद्रकांत काकोडकरांची एक कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. खालच्या कोर्टात सुटका, हायकोर्टात दोषी, आणि सुप्रीम कोर्टाने निर्दोष ठरवलं ते ऑगस्ट १९६९मध्ये. समाजाचे मापदंड झपाट्याने बदलताहेत, असंही कोर्टाने नोंदवलं. पण एका दिवाळी अंकातल्या कथेपायी जवळजवळ सात वर्षं गेली. ‘आजकाल सगळं चालतं’ म्हणणाऱ्यांनी ही सात वर्षं लक्षात ठेवावीत. ऑनलाइन मजकुराला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं अश्लीलतेबद्दलचं कलम ६७ वेगळं लागू होतं.

आणि एक गोष्ट वादापलीकडची. ‘कॉलेजातलं प्रेम’ लिहिताना अकरावी-बारावी म्हणजे सोळा-सतरा वर्षांची मुलं, हे विसरलं जातं. तिथे शृंगार लिहायचाच नाही.

करार न वाचता सही

आता पोटाचा प्रश्न. ३०० रुपयांचं पुस्तक, १० टक्के रॉयल्टी, हजाराची आवृत्ती. सगळी खपली तर ३०,००० रुपये. लिहायला आठ महिने लागले असतील तर महिन्याला पावणेचार हजार. म्हणून एका पुस्तकावर नोकरी सोडायची नसते. धंदा उभा राहतो तो एकाच कथेच्या वेगवेगळ्या हक्कांवर: छापील, ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, मालिका, सिनेमा. ज्या वर्षी काकोडकर सुप्रीम कोर्टातून सुटले त्याच वर्षी त्यांच्या ‘नीलांबरी’ कादंबरीवरचा ‘दो रास्ते’ हा हिंदी सिनेमा पडद्यावर आला. कुठल्या कथेला कुठला हक्क कधी फळेल हे सही करताना कोणालाच माहीत नसतं.

आणि नेमक्या त्याच वेळी नवा लेखक, पुस्तक निघतंय या आनंदात, ‘सर्व माध्यमांतील सर्व हक्क कायमस्वरूपी’ या ओळीखाली सही करतो. बदल्यात पंचवीस लेखक-प्रती. पुढे त्याच कथेची ऑडिओ मालिका येते आणि तो समाजमाध्यमांवर रडतो. कोणी फसवलेलं नसतं. कागद मराठीतच होता.

कॉपीराइट कायदा (१९५७) लेखकाच्या बाजूने बरंच बोलतो. हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच हवं. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. दिलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो सहसा परत येतो. २०१२च्या दुरुस्तीनंतर, सही करताना अस्तित्वात नसलेलं माध्यम नाव घेऊन लिहिल्याशिवाय दिलं गेलं असं मानत नाहीत. पण मुदत-प्रदेशाची ही सोय करार गप्प असेल तेव्हाची आहे. तुम्ही ‘कायमस्वरूपी’वर सही केलीत तर करार गप्प नाही.

करार हातात आला की लाल पेनने पाच गोष्टींभोवती गोल करायचे: कुठला हक्क, किती वर्षं, कुठल्या प्रदेशात, किती टक्के आणि कशावर (छापील किमतीवर की सूट जाऊन उरलेल्यावर), हिशेब वर्षातून किती वेळा. एकही गोल रिकामा राहिला तर सही नाही. प्रकाशक वैतागतो. वैतागू द्यावा. टीडीएस कापला जातो, त्यामुळे पॅन आधी द्या, नाहीतर कपात दुप्पट. जुनी करप्रणाली घेणाऱ्या निवासी लेखकाला पुस्तकाच्या रॉयल्टीवर ३ लाखांपर्यंत वजावट मिळते, हे कित्येक सीएंच्या लक्षात नसतं. तुम्ही आठवण करा.

स्वतः ई-बुक काढणाऱ्यांची चूक वेगळी. किंडलवर भारतातल्या विक्रीला ७० टक्के रॉयल्टी हवी तर केडीपी सिलेक्ट या ॲमेझॉनच्या योजनेत जावं लागतं, नाहीतर ३५. लोक सत्तर बघून टिचकी मारतात. सिलेक्ट म्हणजे ९० दिवस डिजिटल मजकूर दुसरीकडे कुठेही नाही, नमुन्याला १० टक्के सोडून. तीच कादंबरी प्रतिलिपीवर क्रमशः पडून असते, आणि एक दिवस नोटीस येते. ९० दिवस संपले की नोंदणी आपोआप पुढे सुरू राहते, तीही खूण आठवणीने काढावी लागते. आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकासाठी, मात्र कोणाला पैसे देऊ नका. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून तो ऑनलाइन, विनामूल्य मिळतो.

शेवटची, फाइलीची

युनिकोडमध्ये टाइप करा. लेआउट करणारे अजूनही जुने फॉन्ट वापरतात आणि रूपांतरात पहिला बळी ‘ऱ्य’चा जातो. मग लग्नाच्या मांडवात ‘आचार्यांना दक्षिणा दिली आणि आचार्यांनी जिलब्या तळल्या’ असं छापून येतं. प्रूफ वाचताना ऱ्य, ऱ्ह आणि ॲ यांसाठी एक वेगळी फेरी मारा, बाकी काही न बघता. आणि दिवाळी अंकाची कथा सप्टेंबरात पाठवू नका. जूनमध्ये पाठवा, सोबत शब्दसंख्या, फोन नंबर आणि ‘इतरत्र प्रसिद्ध नाही’ एवढी ओळ. ती ओळ खरी असावी.