घरातल्या दुःखानंतर दिव्यांगांसाठी काम: खान्देशात सुरुवात कुठून करायची

घरातलं दिव्यांग माणूस गेलं की मागे वस्तू राहतात. व्हीलचेअर, पाण्याची गादी, कडा फाटलेली कागदांची फाइल. तेरावं उरकलं की कुणीतरी म्हणतंच, "खुर्ची एखाद्या गरजूला देऊन टाका." जरूर द्या, पण आधी ज्याला द्यायची त्याची मापं घ्या. बसल्यावर कमरेच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा हवी, त्याहून फार नको. गुडघ्याची मागची बाजू आणि बैठकीची कड यांत दोन-तीन बोटं अंतर हवं. पाय ठेवायची पट्टी अशा उंचीवर हवी की मांडी बैठकीवर सपाट टेकेल, आणि पट्टीखाली निदान ५ सेंटिमीटर मोकळे राहतील. खुर्ची फार रुंद असली तर माणूस एका बाजूला कलंडून बसतो आणि कणा वाकतो. बैठक खोल असली तर तो पुढे घसरतो, सगळा भार माकडहाडावर येतो आणि तिथे जखम होते. देणाऱ्याला हे कळतही नाही.

अनुभवाचंही असंच आहे. आजारपणात तुम्ही जे शिकलात ते खरं आहे आणि मोलाचं आहे. पण ते एका माणसाच्या मापाचं आहे. या कामात यायचं असेल तर पुढच्या माणसाचं माप नव्याने घ्यायला शिकावं लागतं. या लेखात सांगितलेलं बहुतेक सगळं त्यासाठीच आहे.

किती थांबायचं, याला ठरावीक महिने नाहीत. एक तपासणी मात्र करून बघा. ज्या सरकारी दवाखान्यात तुमच्या खेपा झाल्या, तिथल्या त्याच व्हरांड्यात तासभर बसा. शेजारच्या माणसाचं ऐका, मध्ये आपलं काही सांगू नका. रात्री झोप लागली, जेवण नीट गेलं, तर सुरुवात करायला हरकत नाही. छाती भरून आली, किंवा समोरचं मूल आपलंच वाटून हात आपोआप त्याला भरवायला पुढे गेला, तर अजून थोडं थांबा. मन मोकळं करायला सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. आमचा आग्रह आहे की पहिले सहा महिने आपल्या माणसाचं जे दिव्यांगत्व आणि जे वय होतं, नेमकं तेच काम घेऊ नये. मतिमंद मुलगा गमावलेल्या आईने आधी पाय गमावलेल्या मोठ्या माणसांसोबत काम करावं. हात तयार होतो आणि तुलना होत नाही.

ज्यांनी स्वतःचाच हात किंवा पाय गमावला आहे, त्यांची गोष्ट थोडी वेगळी. कडबाकुट्टीत किंवा मळणीयंत्रात हात गेलेला शेतकरी वॉर्डात पडून असतो, तेव्हा तसंच झालेल्या माणसाने येऊन सदऱ्याची बटणं एका हाताने लावून दाखवली तर त्याचं मोल कुठल्याही सल्ल्यापेक्षा मोठं असतं. फक्त डॉक्टरांची आणि वॉर्डातल्या सिस्टरची परवानगी घेऊन जा, आणि शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी जाऊ नका.

पहिले तीन महिने: हात आणि वही

आठवड्यातून दोन अर्धे दिवस द्या, जास्त नको. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातलं डीईआयसी म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, जवळची विशेष शाळा किंवा फिजिओथेरपी विभाग, यांपैकी एके ठिकाणी मदतनीस म्हणून विचारा. जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनचा 'मनोबल' प्रकल्प आहे. तिथे दिव्यांग तरुण निवासी राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. अशा ठिकाणी अभ्यासाचं वाचून दाखवणं, लेखनिक होणं हीसुद्धा कामाची ओळखच आहे.

वहीच्या पानावर तीन रकाने पाडा. त्या माणसाने आपणहून काय केलं. मी काय केलं. मी जे केलं त्यातलं त्याला करू द्यायला हवं होतं ते काय. तिसरा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. घरी सेवा केलेल्या माणसाचा हात फार लवकर पुढे जातो. बटण, घास, चप्पल सगळं आपणच करून मोकळे होतो, आणि समोरच्याची असलेली ताकदही हळूहळू जाते. महिन्याभराने तिसरा रकाना छोटा होत गेला पाहिजे.

आता एक काम जवळून बघू. लकवा झालेल्या माणसाला खाटेवरून व्हीलचेअरवर घेणं. खान्देशात अजून बऱ्याच घरांत सुंभाची किंवा नवारीची बाज असते. ती मध्ये झोळ खाते, त्यामुळे त्यातून उठणं अवघड, आणि कडेचं लाकूड मांडीला रुततं. म्हणून आधी बाजेवर रुंद फळी आणि तिच्यावर जाड गादी टाका, नाहीतर पलंग मागवा. खुर्ची त्याच्या चांगल्या बाजूला, खाटेशी तिरकी लावा. दोन्ही ब्रेक लावा. पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करा. बहुतेक पडझड पट्टीत पाय अडकूनच होते. त्याला कडेला आणून पावलं जमिनीवर सपाट टेकवा. तुमचे गुडघे त्याच्या अशक्त गुडघ्याला आतून-बाहेरून आधार देतील असे उभे राहा. मग त्याला पुढे वाकायला सांगा, नाक पायाच्या बोटांवर येईपर्यंत. तीन म्हणताच दोघांनी मिळून उठायचं, वळायचं, बसायचं. उचलताना काखेत हात घालून किंवा लकव्याचा हात धरून कधीही ओढू नका. लकव्यात खांद्याभोवतीचे स्नायू सैल झालेले असतात, सांधा निसटतो आणि ते दुखणं वर्षानुवर्षं राहतं. पकड कमरेच्या पट्ट्याला हवी. घरात वर्षभर चुकीच्या पद्धतीने उचललेलं असेल, तर ती सवय मोडायलाच सर्वांत जास्त वेळ लागतो. फिजिओथेरपिस्टसमोर दहा वेळा करून घ्या.

आपल्याकडच्या उन्हाचं वेगळं सांगायला हवं. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ च्या आसपास जातो. मानेत किंवा पाठीत वरच्या भागात मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला इजेखालच्या अंगाला घाम येत नाही, त्यामुळे शरीर थंड होऊ शकत नाही. त्याला ताप नसतो, पण अंग तापतं. अशा घरभेटी सकाळी नऊच्या आत ठेवा, ओलं फडकं आणि पाणी जवळ ठेवा. उन्हात ठेवलेल्या खुर्चीचा लोखंडी भाग किंवा पायाला आधार म्हणून बांधायचा कॅलिपर आधी स्वतःच्या हाताने तपासा. त्याच्या पायाला चटका कळणार नाही, फोड मात्र येईल.

बधिर भागाची त्वचा रोज बघायची सवयही याच काळात लावा. अंथरुणावर दर दोन तासांनी कूस बदलायची. माकडहाड, टाचा, खुबे बघायचे. लाल डागावर बोट दाबलं आणि डाग पांढरा झाला नाही, तर जखम सुरू झाली आहे असं समजा. त्या भागावरचा भार त्याच क्षणी काढा. तिथे चोळू नका, पावडर लावू नका.

बोलायचं कसं

गावात माणसाला त्याच्या व्यंगानेच हाक मारतात. तुम्ही नाव विचारा आणि आबा, माय, भाऊ, ताई जे शोभेल ते म्हणा. तिशीच्या बौद्धिक दिव्यांग माणसाला 'बाळा' म्हणू नका. धुळ्या-साक्रीकडे अहिराणीत "कोठे दुखी ऱ्हायनं?" विचारलं की दार उघडतं. धडगाव-अक्कलकुव्याकडे मात्र पावरी किंवा भिली येणारी आशाताई सोबत घ्या. 'हो हो' अशी मान हलली म्हणजे कळलं असं नाही, म्हणून सांगितलेलं करून दाखवायला सांगा.

आपल्या दुःखाबद्दल एकच वाक्य तयार ठेवा. "आमच्या घरीही असं होतं, म्हणून हे थोडं ओळखीचं आहे. तुमचं सांगा." एवढंच. पहिल्या तीन भेटींत यापुढे जाऊ नका. नाहीतर ते कुटुंब तुमचंच सांत्वन करत बसतं, आणि त्यांचे प्रश्न तसेच राहतात.

नंदुरबारच्या सातपुड्यात काम करणाऱ्यांनी सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार नीट शिकून घ्यावा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया आहेत. हे बाहेरून दिसत नाहीत, म्हणून शाळेत ते पोर आळशी ठरतं. सिकलसेलमध्ये पाणी कमी पडणं, थंडी, अतिश्रम आणि संसर्ग यांनी वेदनेचा झटका येतो. पुढे खुब्याचं हाड रक्ताअभावी झिजतं. वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवायची आणि लघवीला जायची मोकळीक, एवढी साधी गोष्ट शिक्षकांना पटवणं हेही तुमचं काम.

कागदांचं काम

दिव्यांगांच्या घरांना सगळ्यांत लवकर उपयोगी पडणारं कौशल्य हेच, आणि तुमच्या फाइलीने ते तुम्हाला बरंचसं शिकवलेलं आहे. यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र; त्याचा अर्ज स्वावलंबन कार्डाच्या पोर्टलवर भरायचा. कार्डाच्या रंगावरून दिव्यांगत्वाचं प्रमाण कळतं: ४० टक्क्यांखाली पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं. बहुतेक योजनांना ४० टक्के लागतात. अर्ज अडकतो तो ठरावीक कारणांनी. आधारवरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव जुळत नाही. मोबाइल नंबर पुतण्याचा असतो आणि तो सुरतला कामाला गेलेला असतो. तपासणीला जुने रिपोर्ट नेलेले नसतात. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर मुदत संपायच्या तीन महिने आधीची तारीख वहीत लिहून ठेवा.

संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात जातो. एसटीत ४० टक्क्यांपुढे ७५ टक्के सवलत आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. ग्रामसभेआधी गावातल्या दिव्यांगांची यादी आणि प्रत्येकाची नेमकी गरज लिहून द्या, तोंडी मागणी इतिवृत्तात येत नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता यांसाठी केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाचा 'निरामय' आरोग्य विमा वर्षाला १ लाखापर्यंत आहे. आणखी एक गोष्ट बहुतेक आईवडिलांना ठाऊक नसते: अशा मुलाला १८ वर्षं पूर्ण झाली की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. बँकेत अडल्यावर धावाधाव करण्यापेक्षा सतराव्या वर्षीच कागद जमवायला घ्या.

दारातला उतारही शिकून घ्या. जुन्या धाब्याच्या घराला दीड फुटाचा ओटा असतो. उताराचं प्रमाण १ ला १२ हवं, म्हणजे १८ फूट लांब. गल्लीत एवढी जागा नसेल तर मध्ये ५ फुटांचा सपाट टप्पा देऊन वळवा. गवंडी सांगतो ६ फुटांत बसवतो, ते ऐकू नका. त्यावरून खुर्ची एकट्याने चढत नाही आणि उतरताना सुटते. फरशी गुळगुळीत नको, पावसात घसरते.

शिक्षण आणि पोट

पुढे पगारावर काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. १९९२ च्या कायद्याने ही परिषद चालते आणि नोंदणीशिवाय पुनर्वसन व्यावसायिक म्हणून काम केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. म्हणून कोर्स होईपर्यंत स्वतःला 'मदतनीस' म्हणा, 'थेरपिस्ट' नाही. बारावीनंतर दोन वर्षांचा विशेष शिक्षणाचा डी. एड. आहे, सांकेतिक भाषेच्या दुभाषाची दोन वर्षांची पदविका आहे, काळजीवाहकाचे छोटे अभ्यासक्रम आहेत. वाचा आणि श्रवणाच्या शिक्षणासाठी मुंबईला वांद्र्यात अली यावर जंग संस्था आहे. समाजकार्याची पदवी धुळ्यात किंवा जळगावातही होते. प्रवेशाआधी परिषदेच्या संकेतस्थळावर त्या संस्थेचं नाव, तो अभ्यासक्रम आणि तेच वर्ष, तिन्ही बघा. मान्यता गेल्या वर्षी होती आणि यंदा नाही, असं झालं तर दोन वर्षं आणि फी दोन्ही जातात.

कामाच्या जागा म्हणजे विशेष शाळा, समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेतले विशेष शिक्षक (बहुधा कंत्राटी), रुग्णालयं आणि घरभेटी. घरभेटीचा दर तासाला किती आणि येण्याजाण्याचे वेगळे किती, हे पहिल्या दिवशीच सांगा. महिनाभर फुकट केलं की मग मागायला जीभ वळत नाही, आणि तीन महिन्यांत काम सुटतं. ज्याला परवडत नाही त्याचा दर कमी करा, पण तोही आकडा आधी ठरवा.

गेलेल्या माणसाच्या नावाने लगेच संस्था काढायचा मोह होतो. निदान तीन वर्षं थांबा. दिव्यांगांसाठीची संस्था २०१६ च्या कायद्याखाली नोंदणी प्रमाणपत्राशिवाय चालवता येत नाही. शिवाय सुरुवातीचे दिवस हिशेब, भाडं आणि देणग्या यांतच जातात, खाटेजवळ उभं राहायला वेळ उरत नाही.

वर्षश्राद्धाचा आणि त्या माणसाच्या वाढदिवसाचा दिवस वर्षाच्या सुरुवातीलाच सुटी म्हणून मांडून ठेवा, आणि त्या दिवशी तुम्ही भेटी देता त्या घरांकडे कोण जाणार ते आधी सांगून ठेवा.