‘न्यूज’ म्हणजे चार दिशा? शब्दांचं मूळ सांगताना या चुका टाळा

6 जानेवारीला, ‘दर्पण’ या पहिल्या मराठी वृत्तपत्राच्या आठवणीत पत्रकार दिन साजरा होतो, तेव्हा व्यासपीठावरून कुणीतरी हमखास सांगतं: नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ, या चारही दिशांकडून येते ती न्यूज. टाळ्या पडतात. मुलांच्या सामान्य ज्ञानाच्या वह्यांतही हेच उतरलेलं असतं. हे साफ चूक आहे, आणि खरी हकिकत याहून कितीतरी गोड आहे.

‘न्यू’ म्हणजे नवं. त्याचं अनेकवचन ‘न्यूज’, म्हणजे नव्या गोष्टी. 14व्या-15व्या शतकात हा वापर इंग्रजीत रुळला तो फ्रेंचच्या वळणावर. तिथेही ‘नवी’ या अर्थाचा शब्द अनेकवचनात बातम्यांसाठी वापरतात. जुन्या छापील इंग्रजीत स्पेलिंग एन-ई-डब्ल्यू-ई-एस असंही सापडतं. दिशा चार आणि अक्षरं पाच, म्हणजे आद्याक्षरांचा हिशेब तिथेच कोलमडतो.

आद्याक्षरं जुळली की मूळ सापडलं असं मानणं, ही सगळ्यात मोठी चूक. अशी जोडणी करून शब्द घडवण्याची रीत फोफावली 20व्या शतकात: ‘रडार’ 1940च्या आसपासचा, ‘लेझर’ त्यानंतरचा. म्हणून शब्द शेकडो वर्षं जुना असेल आणि कुणी त्याचा ‘फुल फॉर्म’ सांगू लागलं, तर लगेच सावध व्हा. ‘पॉश’चंही तसंच; त्याचा फुल फॉर्म सांगतात ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’, म्हणजे जाताना बोटीची डावी बाजू, परतताना उजवी. मुंबईला येणाऱ्या बोटींच्या तिकिटांवर सावलीच्या बाजूच्या केबिनसाठी ही चार अक्षरं छापत, ही गोष्ट ऐकायला झकास आहे. पण तसं एकही तिकीट आजवर मिळालेलं नाही.

याच्या उलट, फुल फॉर्म दिसला की खोटाच, असंही धरू नका. ‘ओके’ खरोखर आद्याक्षरांचा आहे. ‘ऑल करेक्ट’ मुद्दाम अशुद्ध, ‘ओ’ आणि ‘के’ने सुरू होणारं, लिहायची तेव्हा अमेरिकेत टूम होती, त्यातून तो आला आणि 23 मार्च 1839 रोजी बोस्टनच्या वर्तमानपत्रात छापला गेला. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत तो गाजला. खात्री करायची तर मोठ्या कोशात शब्दाचं पहिलं लिखित उदाहरण कोणत्या सालचं आहे ते पाहा. फॉरवर्डमध्ये ते साल कधीच नसतं.

आणि हो, वापरातली चूक. मूळ अनेकवचनी असला तरी आजच्या इंग्रजीत ‘न्यूज’ एकवचनीच चालतो: ‘न्यूज इज’, ‘न्यूज आर’ नव्हे. मराठीत ‘दोन न्यूज आल्या’ खपून जातं, इंग्रजीत मात्र ‘टू पीसेस ऑफ न्यूज’ म्हणावं लागतं.