गडावर प्रथमोपचार करताना कायदेशीर जबाबदारी कशी सांभाळावी

हरिहरच्या कातळपायऱ्यांवरून किंवा साल्हेरच्या वाटेवर कोणी पडून जखमी झाले, की मदतीला धावणाऱ्यांच्या मनात एक भीती हमखास असते: आपल्या हातून काही कमी-जास्त झाले, तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल का? यावर पुष्कळ जण अपघातग्रस्तांना मदत करणाऱ्यांसाठीच्या संरक्षणाचा हवाला देतात. परंतु मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४-अ केवळ मोटार अपघातातील जखमींना मदत करणाऱ्यांसाठी आहे. त्र्यंबक रस्त्यावर दुचाकी घसरली तर ते लागू होते. ब्रह्मगिरीच्या कड्याजवळ पाय घसरला तर नाही.

डोंगरात आपला आधार भारतीय न्याय संहितेचे कलम ३० हा आहे. जखमी माणूस संमती देण्याच्या स्थितीत नसेल आणि त्याच्या वतीने संमती देऊ शकणारे कोणी वेळेत मिळण्यासारखे नसेल, तर त्याच्या हितासाठी सद्भावाने केलेली कृती, तिच्यामुळे त्याला इजा झाली तरी, गुन्हा ठरत नाही. या कलमातले एक उदाहरण तर थेट जंगलातलेच आहे: वाघ माणसाला ओढून नेत असताना त्याला वाचवण्यासाठी वाघावर झाडलेली गोळी त्या माणसालाच लागून तो दगावला, तरी गोळी झाडणारा गुन्हेगार ठरत नाही. मात्र पुरेशी काळजी आणि लक्ष न देता केलेली कृती कायदा सद्भावाची मानतच नाही. हेतू कितीही चांगला असला तरी बेफिकिरी त्यात झाकली जात नाही, आणि पुढचे सगळे नियम याच एका अटीतून निघतात.

म्हणून आधी परवानगी घ्यावी. जखमी शुद्धीवर असेल तर आपले नाव, आपण कोणते प्रशिक्षण घेतले आहे आणि आता काय करणार आहोत हे सांगून त्याचा होकार घ्यावा. सज्ञान, शुद्धीतला माणूस नको म्हणाला तर त्याच्यावर उपचार लादू नयेत. सोबत्यांसमोर पुन्हा एकदा विचारावे, नकाराची वेळ लिहून ठेवावी आणि तो भ्रमात किंवा बेशुद्धीत जातो का यावर लक्ष ठेवावे. बारा वर्षांखालील मुलाची संमती कायद्याने साधारणपणे ग्राह्य नसते, त्यामुळे शाळेच्या सहलीत पालकांना फोन लागत असेल तर तो आधी लावावा; रेंज नसेल आणि जिवावर बेतले असेल तर थांबू नये. जखमी स्त्री असेल तर शक्यतो दुसरी स्त्री जवळ असू द्यावी.

दुसरे, आपल्याला येते तेवढेच करावे. निखळलेला खांदा जागेवर बसवण्याचा प्रयत्न अप्रशिक्षित माणसाने करू नये. तो आहे त्या स्थितीत आधार देऊन बांधावा. सर्पदंशावर चिरा देणे, तोंडाने विष ओढणे किंवा घट्ट आवळपट्टी बांधणे यांनी अपायच होतो. दंश झालेला अवयव हलू न देता रुग्णाला लवकरात लवकर प्रतिविष असलेल्या रुग्णालयात नेणे हेच योग्य. आपल्या बॅगेतली गोळी दुसऱ्याला देणेही टाळावे, कारण त्याला कशाची ॲलर्जी आहे हे आपल्याला ठाऊक नसते. निष्काळजी कृतीने मृत्यू ओढवला तर न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

वाटेतल्या अनोळखी जखमीला मदत करण्याची सर्वसाधारण कायदेशीर सक्ती आपल्याकडे नाही. पण हाती घेतलेला जखमी अर्धवट सोडून गेल्याने त्याची स्थिती बिघडली, तर निष्काळजीपणाचा प्रश्न उभा राहू शकतो. शुल्क घेऊन लोकांना गडावर नेणाऱ्यांची गोष्ट निराळी आहे आणि ती निराळी असावी असेच माझे स्पष्ट मत आहे. ते सेवा देतात, म्हणून ग्राहक संरक्षण कायदा २०१९ त्यांना लागू होतो. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात त्यांच्यासाठी पर्यटन संचालनालयाकडील नोंदणीची तरतूदही आहे. सहभागींकडून सही करून घेतलेले ‘सर्व जबाबदारी माझी’ असे हमीपत्र त्यांना निष्काळजीपणाच्या फौजदारी जबाबदारीतून सोडवत नाही.

नोंद जागेवरच करावी. भाषा साधी असावी: “११.२०, उजवा घोटा सुजला, बोटे हलतात, संवेदना आहे, ११.३५, काठीचा आधार देऊन बांधला, ११.५०, दोन घोट पाणी, शुद्धीत.” निदान लिहू नये, दिसले आणि केले तेवढेच लिहावे. रक्तस्राव थांबवण्यासाठी आवळपट्टी बांधावीच लागली असेल तर तिची वेळ ठळक लिहावी. जखमीचे फोटो व्हॉट्सॲप गटात टाकू नयेत.

१०८ किंवा ११२ वर कळवताना गडाचे नाव पुरत नाही. हरिहरला निरगुडपाड्याची बाजू की हर्षेवाडीची, हेही सांगावे. गावच्या पोलीस पाटलांना कळवले तर डोली आणि माणसे लवकर मिळतात. श्वास नाही म्हणून मृत्यू झाला असे आपण ठरवू नये, ते डॉक्टरांचे काम आहे. मृत्यू उघडच दिसत असेल तर पोलीस येईपर्यंत मृतदेह व सामान हलवू नये. हलवणे अटळ झाले तर आधी जागेचे फोटो काढून ते पोलिसांना द्यावेत. जखमीला रुग्णालयात सोपवताना नोंदीची प्रत द्यावी, एक स्वतःकडे ठेवावी. पोलीस सोपस्कार बाकी आहेत म्हणून तातडीचे उपचार नाकारता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले आहे. दारात अडवले गेल्यास हे शांतपणे सांगावे.