हळदीच्या मांडवात शार्पीच्या अंगात येऊ नये म्हणून

तासगावजवळच्या एका गावात हळद होती. मुलीकडचे सगळे मांडवात, डीजेने पहिलं गाणं सोडलं आणि माझ्या चारही शार्पी (मान फिरवत बारीक झोत टाकणारे लाइट) आपापल्या मनाने माना हलवायला लागल्या. मी लाइट चालवायच्या बोर्डावर फेडर (सरकपट्ट्या) वरखाली करतोय, घाम पुसतोय. नवरीचा मामा जवळ येऊन म्हणाला, "काय ओ लाइटवाले, अंगात आलंय काय त्यांच्या?"

बोर्ड ठीक होता. घाईत आमच्या पोराने तीस मीटरची माइकची केबल जोडली होती आणि शेवटच्या लाइटला टर्मिनेटर (लाइनचं टोक बंद करणारा छोटा प्लग) नव्हता. तेव्हापासून बोर्डाला हात लावायच्या आधी मी केबल आणि पत्ते (कुठला लाइट कितव्या चॅनेलपासून ऐकतो तो नंबर) बघतो. तुम्हीही हे आदल्या दिवशी गोडाऊनवरच उरका. मांडवात पाहुणे बघत असताना काही सुचत नाही.

माझ्याकडे साधा 192 चॅनेलचा डीएमएक्स बोर्ड आहे. डीएमएक्स म्हणजे केबलवरून लाइटला हुकूम पाठवायची पद्धत, आणि एकेक चॅनेल म्हणजे रंग, उजेड असं एकेक काम. वर बारा स्कॅनर बटणं (लाइट निवडायची), प्रत्येकाखाली 16 चॅनेल. म्हणून लाइटचे पत्ते 1, 17, 33, 49, 65, 81 असे सोळा-सोळाने पुढे जातात. डाव्या बाजूचे चार पार (साधे रंगीत लाइट) मी सगळे 1 वर ठेवतो, उजवीकडचे चार 17 वर. एका बटणात चौघं एकत्र चालतात. कागदावर हे चुकीचं वाटेल, पण वरातीच्या टेम्पोवर एकेक पार वेगळा चालवायला वेळ कुणाला आहे? शार्पी मात्र प्रत्येकी वेगळी: 33, 49, 65, 81. जुन्या पारला डिपस्विच (पत्ता लावायच्या बारीक कळा) असतात. 17 साठी पहिला आणि पाचवा वर करा, कारण पहिल्याची किंमत 1 आणि पाचव्याची 16. डिस्प्लेवाल्या पारवर पत्ता दिसला पाहिजे. तो ऑटो किंवा साउंड मोडवर राहिला असेल तर बोर्डाचं ऐकणारच नाही. शार्पी 16 चॅनेलच्या मोडवर आहे का हेही बघा. नाहीतर रंगाच्या जागी गोबो (आकृत्यांची चकती) फिरतो. पत्ता मार्करने चिकटपट्टीवर लिहून लाइटच्या पाठीवर लावा.

आता केबल. बोर्डातून पहिल्या लाइटला, पहिल्याच्या आउटमधून दुसऱ्याला, अशी एकामागून एक माळ ओढायची. वाय जोड करून फाटे फोडायचे नाहीत. फाटा हवाच असेल तर स्प्लिटर (सिग्नल वाटून देणारा डबा) घ्या. एका लाइनवर 32 च्या वर लाइट नकोत. डीएमएक्सची केबल साधारण 110 ते 120 ओहमची असते. माइकची तशी नसते, त्यामुळे लांब पल्ल्यावर सिग्नल आदळून मागे येतो आणि लाइट थरथरतात. शेवटच्या लाइटच्या आउटमध्ये टर्मिनेटर लावा. मेल एक्सएलआर प्लगमध्ये (माइकच्या केबलला असतो तसा तीन पिनांचा) 2 आणि 3 नंबरच्या पिनांमध्ये 120 ओहमचा रेझिस्टर सोल्डर केला की झालं. खर्च चहाइतका. करंटच्या वायरींबरोबर ही केबल एकाच बंडलात बांधू नका.

जोडणी झाली, बोर्ड चालू केला आणि एकही लाइट पेटला नाही तर घाबरू नका. बोर्ड चालू होताना ब्लॅकआउटवर (सगळे लाइट बंद) असतो, ते बटण एकदा दाबा. तरी काही नाही तर बोर्डाच्या मागे पोलॅरिटीची (सिग्नलच्या दोन तारा उलटसुलट करणारी) कळ आहे का ते बघा, असली तर ती सरकवून बघा. बोर्डाचा ॲडॅप्टरही टेपने बांधा. जनरेटरच्या धक्क्याने तो सैल होतो, मग ऐन नाचात अंधार.

सीन (लाइटची एक ठरलेली मांडणी) भरायला प्रोग्रॅम बटण तीन सेकंद दाबून धरा. स्कॅनर निवडा, फेडरने रंग लावा, मग रेकॉर्डचं बटण दाबून हव्या त्या सीनचं बटण दाबा. दिवे लुकलुकले की सीन बसला. बाहेर पडायला परत तीन सेकंद. चेस (एकामागून एक पळणारे सीन) सहा भरता येतात, मला दोनच पुरतात.

बोर्डाच्या साउंड मोडबद्दल (आवाजावर लाइट आपोआप बदलतात तो) माझं मत वाईट आहे. बोर्डातला माइक डीजेबरोबर हलगीही ऐकतो आणि शेजारच्या मांडवातला बँडही. गाणं हातानेच पकडा. मंगलाष्टका चालू असताना तर पांढरा सीन स्थिर ठेवा, स्ट्रोब (भराभर उघडझाप) अजिबात नको. फोटोग्राफर दुवा देईल आणि भटजींची पोथीही दिसेल.

पहिल्या बँकेचा (आठ सीनच्या गटाचा) आठवा सीन मी कायम एकाच कामाला ठेवतो: सगळे पार पूर्ण पांढरे, शार्पी बंद. रात्री दहाला आवाज थांबवावा लागतो, आणि नेमकं तेव्हाच कुणाची चप्पल सापडत नाही, कुणाचं पोरगं. आठ नंबर दाबला की मांडव दिवसासारखा होतो.